आईचं इंग्रजी वाक्य

आमचे साहेब ऑफिसला आले की सरळ आत येत नसत. समोरच्या शिंप्याच्या दुकानाला सायकल टेकवून ते आधी तिथून आमच्या ऑफिसकडे पाहत उभे राहत. चांगली दोन-तीन मिनिटं. मग रस्ता ओलांडून यायचे आणि आमच्या म्हाताऱ्या शिपायाला म्हणायचे, "पांडेजी, बोर्ड थोड़ा बाएँ को झुका है." पांडेजी स्टूल घेऊन बाहेर जायचे, बोर्डाला नुसता हात लावायचे आणि परत यायचे. बोर्ड सरळच असायचा. हे त्या दोघांनाही माहीत असावं असं मला वाटतं, पण दोघांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही.

"आतल्या माणसाला बाहेरून काय दिसून राहिलं ते कधीच समजत नाही, बाई," साहेब मला म्हणायचे. मी एकवीस वर्षांची होते आणि त्यांच्या हाताखाली इंग्रजी टायपिस्ट होते. विदर्भातल्या जुन्या रीतीप्रमाणे ते मला बाई म्हणत, मुलीला म्हणतात तसं.

ऑफिस म्हणजे जबलपूरच्या चेरीताल भागात भाड्याच्या दोन खोल्या. केंद्र सरकारच्या प्रसिद्धीचं काम तिथून चालायचं. शहरातल्या फॅक्टऱ्या, छावणी, नवी धरणं, कुठल्याही बातमीचं इंग्रजी पत्रक आम्ही तयार करायचं आणि दिल्लीला पाठवायचं. दिल्लीहून ते परदेशातल्या वर्तमानपत्रांकडे जायचं. त्यांनी त्यातलं काही छापलं तर दीड-दोन महिन्यांनी त्याचं कात्रण आमच्याकडे येई. साहेब ती कात्रणं तीन फाइलींमध्ये लावत. एकीवर लिहिलं होतं 'चांगलं', दुसरीवर 'वाईट', आणि तिसरीवर 'समजलं नाही'. तिसरी सगळ्यात जाड होती.

ते मूळचे वर्ध्याकडचे. आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना विशेषणांचा राग होता. दिल्लीहून आलेल्या मसुद्यात 'भव्य' किंवा 'गौरवशाली' असं काही दिसलं की ते लाल पेन्सिलीनं आधी तेवढं काढून टाकत. "इतकं गौरवशाली म्हटलं, का समोरचा समजते, ह्यांच्यात काही तरी भानगड आहे." खोटं मात्र ते एक अक्षर लिहू देत नसत. फॅक्टरीत एखाद्या दिवशी सत्तर गाड्या तयार झाल्या असतील तर सत्तरच, बहात्तर नाही. "खोटं लिहायचं नाही, बाई. पण खऱ्यानं पण आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बाहेर निघावं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी एक वेताची खुर्ची होती. ती कधी तरी येणाऱ्या परदेशी पाहुण्यासाठी राखलेली, तिच्यावर कोणी बसायचं नाही. मी एकदा सही घ्यायला घरी गेले तर त्यांच्या बायकोनं खुर्चीवर पापड वाळत घातले होते. मला पाहून त्या म्हणाल्या, "पाहुणा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत पापडांना तरी बसू दे."

मी अशा गोष्टी घरी सांगत असे आणि आम्ही खूप हसायचो. एकाहत्तरच्या डिसेंबरापर्यंत.

आमचं घर दीक्षितपुऱ्यात होतं. बाबा फॅक्टरीत फिटर. लढाई लागली आणि ते दोन-दोन पाळ्या करायला लागले, घरी फक्त झोपायला यायचे. दादा फौजेत होता, बिनतारी संदेशाच्या पलटणीत, पश्चिमेच्या सीमेवर. लढाई चौदा दिवसांत संपली, गल्लीत पेढे वाटले गेले, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी आमच्याकडे तार आली. दादा बेपत्ता होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या चाचींकडेही तार आली. चाचींचा मुलगा पूर्वेकडे होता. त्यांच्या तारेत बेपत्ता हा शब्द नव्हता. आई आणि चाची अठरा वर्षांच्या शेजारणी, एकमेकींच्या चुलीवरचं दूध उतू जाताना पाहून धावणाऱ्या. आई दिवसभर त्यांच्याजवळ जाऊन बसायची. चाची एकदाच म्हणाल्या, "दीदी, तुम्हारे में अभी उम्मीद है." आई घरी आली आणि मला म्हणाली, "तिच्यासमोर मला आशा ठेवायची पण लाज वाटते."

तिकडे पूर्वेला शरण आलेल्या हजारो सैनिकांपैकी कितीएक आमच्या जबलपूरला आणले गेले. शहराबाहेर छावणीत तारांचं कुंपण घालून त्यांना ठेवलं होतं. जगात नाना तऱ्हेच्या गोष्टी बोलल्या जात होत्या. त्यामुळे दिल्लीचा हुकूम आला की कैद्यांना आपण किती नीट ठेवतो ते परदेशी वर्तमानपत्रांना दाखवायचं आहे, माहिती तयार करा. साहेब रोज सायकलनं छावणीत जायला लागले. तिथून आणलेली टिपणं मी टाइप करत असे. गाद्या किती, पांघरुणं किती, मटण आठवड्यातून किती वेळा, व्हॉलीबॉलची जाळी, नमाजाची जागा. टाइप करताना माझी बोटं मध्येच थांबत. दादा जिवंत असेल तर कशावर झोपत असेल, हे मला माहीत नव्हतं, आणि ह्यांच्या गाद्यांत कापूस किती ते मला पाठ झालं होतं.

साहेबांच्या ते लक्षात येई. ते कागद माझ्यासमोरून उचलत आणि स्वतः दोन बोटांनी टाइप करायला बसत. फार वाईट टाइप करायचे. मग मला सगळं पुन्हा करावं लागे.

दोन महिन्यांनी एका आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत दादाचं कार्ड आलं. इंग्रजीत चार ओळी होत्या. मी ठीक आहे. इथे जेवण ठीक आहे. आम्हाला नीट वागवतात. काळजी करू नये. बाबा रडले. आईनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "हे त्यानं नाही लिहिलं. तो असा कधी बोलतो का? त्याला तर माझ्या हातचं पण जेवण ठीक नाही लागत."

मी कार्ड ऑफिसला नेलं. साहेबांनी खिडकीशी जाऊन ते वाचलं. परदेशी कात्रण वाचायचे तसं, चष्मा कपाळावर चढवून.

"हे कोणी तरी सांगून लिहवलेलं आहे, बाई. मी तिकडे असतो तर असंच लिहवलं असतं." मग त्यांनी विचारलं, "पण अक्षर त्याचंच आहे न?"

"हो."

"मग हात शाबूत आहे. डोळे शाबूत आहेत. ओळी सरळ आहेत, म्हणजे टेबलावर बसवून लिहवलं. आईला इतकंच सांग."

मी सांगितलं. त्या रात्री आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

मार्च महिन्यात लंडनच्या एका वर्तमानपत्राचा माणूस जबलपूरला आला. उंच, उन्हानं लाल झालेला, गळ्यात कॅमेरा. साहेबांनी त्याला दिवसभर छावणी दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात बसला होता आणि मी चहाचे कप ठेवत होते. तो सभ्यपणे हसून साहेबांना म्हणाला, तुम्ही मला दाखवलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण ते सगळं आताच धुऊन ठेवल्यासारखं दिसतं. असं काही दाखवा, जे तुम्ही तयार करून ठेवलेलं नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चहाच्या कपाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, चल. तुझ्या घरी जाऊ या."

मला ह्याचा आजही उलगडा झालेला नाही. त्यांना ते तेव्हा अचानक सुचलं असं मी त्या क्षणी धरून चालले. पण आदल्या संध्याकाळी निघताना त्यांनी मला सहज विचारलं होतं, "उद्या आई घरीच आहे न?" ते सहज होतं की नव्हतं, कोण सांगणार.

आई ओसरीवर सूप घेऊन गहू निवडत होती. गोरा माणूस दारात पाहून ती उठायला लागली, पण त्यानंच हात करून तिला बसवलं आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसला. साहेब त्याच्या शेजारी. मी दाराला टेकून उभी. साहेबांनी आईला सांगितलं, "वहिनी, हे लंडनचे पेपरवाले आहेत. तुम्हाला एक गोष्ट विचारून राहिले. तुमचा मुलगा तिकडे कैदेत आहे. आणि तिकडचे इतके कैदी इथे, तुमच्या घरापासून चार-पाच मैलांवर आहेत. तुम्हाला त्यांच्याबद्दल काय वाटते?"

आईचा हात सुपातच राहिला. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग खाली बघतच बोलली.

"काय वाटते ते विचारू नका म्हणा. रोज सकाळी वाटते, ह्यांचं खाणं बंद करा, मरू द्या उपाशी. मग वाटते, इथे बंद केलं तर तिकडे त्याचं बंद करतील. म्हणून म्हणते, घाला जेवू. पोटभर घाला. ही काही दया नाही, साहेब. ही भीती आहे. हे सांगा त्याला."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी दे, बाई." मी पाणी आणलं. त्यांनी पेला पूर्ण रिकामा केला, खाली ठेवला, आणि त्या माणसाला इंग्रजीत, अगदी सावकाश सांगितलं: त्या म्हणतात, त्या मुलांनाही आया आहेत. माझ्या मुलाला जेवू घालाल तसं त्यांना जेवू घाला.

पत्रकारानं लिहायचं थांबवून आईकडे पाहिलं. मग एकेक शब्द जपून लिहून घेतला. त्यानं आईचा सुपासकट फोटो काढला आणि जाताना तिला वाकून नमस्कार केला. आईला वाटलं, आपण इतकं कठोर बोललो तरी ह्याला राग नाही आला. "समजदार माणूस आहे," ती मला म्हणाली.

मला इंग्रजी येत होतं. त्या ओसरीवर साहेब आणि तो पत्रकार सोडले तर फक्त मलाच येत होतं.

दोन दिवसांनी मी धीर करून साहेबांना म्हटलं, "साहेब, आई तसं बोलली नव्हती."

"नाही बोलली," ते लगेच म्हणाले.

त्यांनी मला बसायला सांगितलं. "जे छापल्या जाईल ते फक्त लंडनचे लोक नाही वाचणार. तुझा भाऊ ज्याच्या ताब्यात आहे, तो पण वाचेल. आम्ही भीतीनं जेवू घालतो, असं त्यानं वाचलं तर तो काय करेल, सांग. आणि ह्यांना पण आई आहे, असं वाचलं तर?"

"म्हणजे तुम्ही दादासाठी..."

"दिल्लीला पण हेच पाहिजे होतं," ते म्हणाले. "म्हणून मी तुझ्या भावासाठी केलं का सरकारसाठी, हे मला विचारू नको. त्या वेळी मला पाणी प्यायला जितका वेळ लागला तितक्यात काय काय मनात आलं, ते मलाच समजून नाही राहिलं." इतकी वर्षं खोट्याचं एक अक्षर न लिहिलेला तो माणूस माझ्यासमोर टेबलावरची टाचणी उभी करायचा प्रयत्न करत होता आणि ती सारखी पडत होती.

मे महिन्यात कात्रण आलं. आईचा फोटो चांगला मोठा होता आणि वर मथळा होता, 'त्यांनाही आया आहेत'. नंतर तो मजकूर आणखी दोन-तीन देशांत छापून आला. दिल्लीहून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं, आणि सरकारनं काढलेल्या एका पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आई आली. साहेबांनी ते कात्रण तीनपैकी कुठल्याच फाइलीत लावलं नाही. ते पुष्कळ दिवस त्यांच्या टेबलावर शाईच्या दौतीखाली पडून होतं.

पुस्तिका हिंदीतही निघाली आणि कोणी तरी ती आमच्या गल्लीत आणली. फॅक्टरीतले लोक बाबांना हात जोडून म्हणाले, भाभीजी तर देवी आहेत. चाचींनी मात्र पुस्तिका वाचली आणि आमच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"दीदी, मेरे बेटे को जिन्होंने मारा, उनकी माँओं की आपको इतनी फिकर है," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "मेरे पास आकर बैठती थीं, तब भी यही सोचती थीं?"

आई गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. "मी असं काय बोलली? काय छापलं त्यांनी?"

मी म्हटलं, "पेपरवाले आपल्या मनानं काहीही लिहितात, आई."

चाची निघून गेल्या. आई दोनदा त्यांच्या दारात गेली. तिला सांगायचं होतं की मी तर उलटंच बोलले होते. पण उलटं म्हणजे काय, हे तिला हिंदीत धड मांडता येईना, आणि तिसऱ्यांदा चाचींनी दार उघडलं नाही. मी सोबत जाऊन दोन वाक्यांत सगळं सांगू शकले असते. पण गल्लीत कळलं की शहरात कळणार, शहरात कळलं की पेपरात येणार, आणि दादा अजून तिकडेच होता. तो येईपर्यंत गप्प राहायचं, असं मी मनाशी ठरवलं.

तो हिवाळ्यात आला. दोन्हीकडचे कैदी सुटायला लागले होते. स्टेशनवर बाबांनी त्याला ओळखलंच नाही, इतका वाळला होता, आणि डावा पाय ओढत होता. आठवडाभर तो फारसा बोलला नाही. मग एक दिवस जेवताना आपणहून म्हणाला, "आई, तिकडे एका अफसरनं मला तुझा फोटो दाखवला. इंग्रजी मासिक होतं. म्हणाला, ये जबलपुर की है, तुम भी जबलपुर के हो, पहचानते हो? मी म्हटलं, माझी आई आहे. त्याला आधी खरंच वाटेना."

मी हातातला घास खाली ठेवला. "मग? त्यानंतर तुला नीट वागवलं?"

दादानं आठवून पाहिलं. "दोन दिवसांनी मला दवाखान्यात नेलं, पायासाठी. पण तेव्हा सगळ्यांनाच तपासून राहिले होते. फोटोमुळे नेलं का माझी पाळीच होती, काय माहीत."

तो बरा होत असताना साहेब त्याला भेटायला आले. सोबत बायकोनं केलेले डिंकाचे लाडू होते. ते खाटेच्या कडेला अवघडून बसले. दादानं त्यांना तिकडचं एक सांगितलं, की तिथेही एकदा परदेशी माणूस आला होता, त्या दिवशी सगळ्यांना नवे कपडे दिले, ताटं वाढली आणि फोटो काढले. साहेब पुढे सरकले.

"फोटो झाल्यावर ते ताट परत नेलं, का तुम्हाला खाऊ दिलं?"

"खाऊ दिलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. वरून आणखी वाढलं."

"अच्छा," साहेब म्हणाले, आणि रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. ते कशासाठी रडले हे आम्हा कोणालाच कळलं नाही. दादा माझ्याकडे पाहत राहिला. आईनं त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, पण तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. मग निवृत्त होऊन ते वर्ध्याला गेले. दिवाळीला त्यांचं कार्ड येई, चार ओळींचं, एकही विशेषण नसलेलं. एका वर्षी कार्ड त्यांच्या बायकोच्या अक्षरात आलं. त्यात साहेब गेल्याचं लिहिलं होतं.

ते कार्ड मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हातारी झाली होती आणि माझे केसही पिकायला लागले होते. ती म्हणाली, "भला माणूस होता." मला काय झालं कोणास ठाऊक, मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं ओसरीवर काय सांगितलं होतं आणि साहेबांनी त्याचं इंग्रजीत काय केलं होतं ते. इतकी वर्षं वाटत होतं की ती चिडेल.

ती चिडली नाही. तिनं ते इंग्रजी वाक्य मला मराठीत पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं बोलला," ती म्हणाली. "मला असं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं."

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "तुला तेव्हाच समजलं होतं, हे मी नाही बोलली म्हणून?"

"हो."

"मग दादा घरी आल्यावर तू चाचीला काहून नाही सांगितलं?"

चाची आमच्या भिंतीपलीकडे राहत होत्या. ह्या सगळ्या वर्षांत त्या आईशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आदल्या उन्हाळ्यात त्या वारल्या होत्या.